एक्स्चेंज सर्व्हर बसवताना आणि अपडेट करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कंपनीच्या स्वतःच्या मशीनवर मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज चालवणाऱ्यांसाठी आहे. कमांड, स्क्रिप्ट आणि फोल्डर यांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. कन्सोलवर अर्थातच मूळ स्पेलिंग टाकायचं. अपडेट फसल्याच्या बहुतेक तक्रारींचं मूळ अपडेटच्या आधीच्या आठवड्यात सापडतं, त्यामुळे इथेही तयारीवर जास्त शब्द खर्च झाले आहेत.

आमच्याकडे एक्स्चेंज २०१६ किंवा २०१९ व्यवस्थित चालू आहे. बदलायलाच हवं का?

हो. या दोन्ही आवृत्त्यांचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्या दिवशी कोणाचाही सर्व्हर बंद पडला नाही, म्हणून अनेक ठिकाणी हा विषय मागे पडला. पण इंटरनेटला तोंड करून बसलेला, नियमित सुरक्षा पॅच न मिळणारा मेल सर्व्हर ठेवणं परवडणारं नाही. मार्च २०२१ मध्ये प्रॉक्सीलॉगॉन या नावाने ओळखल्या गेलेल्या त्रुटींचा पॅच २ तारखेला आला, आणि त्यानंतरच्या काही दिवसांतच जगभरातल्या हजारो सर्व्हरवर वेबशेल (दूरून ताबा देणाऱ्या छुप्या फायली) पेरलेले सापडले.

पुढची आवृत्ती म्हणजे एक्स्चेंज सर्व्हर सबस्क्रिप्शन एडिशन, थोडक्यात एसई. ती १ जुलै २०२५ रोजी आली. तिच्याकडे जायचे मार्ग आवृत्तीनुसार वेगळे आहेत.

२०१९ वर सीयू १४ किंवा सीयू १५ असेल (सीयू म्हणजे क्युम्युलेटिव्ह अपडेट, खाली समजावलं आहे), तर त्याच मशीनवर एसई चढवता येतं. एसईची पहिली आवृत्ती म्हणजे जवळपास सीयू १५ चाच कोड. करारनामा, नाव आणि बिल्ड क्रमांक बदलतात, स्कीमा (ॲक्टिव्ह डिरेक्टरी या मध्यवर्ती नोंदवहीचा आराखडा) बदलत नाही. म्हणजे जोखीम एखाद्या साध्या सीयूएवढीच.

२०१६ वरून त्याच मशीनवर चढता येत नाही. नवं मशीन, त्यावर एसई, मग मेलबॉक्स हलवणं, हाच रस्ता. वाटेत २०१९ वर मुक्काम करायची गरज नाही; २०१६ सीयू २३ वर असेल तर थेट एसई शेजारी उभं करा.

संस्थेत कुठे तरी २०१३ चा सर्व्हर शिल्लक असेल, तर सीयू १५ आणि एसई दोन्हींचा सेटअप पुढे सरकत नाही. आधी तो रीतसर काढा.

एसईला लायसन्स कसं लागतं?

सबस्क्रिप्शन, किंवा सर्व्हर आणि कॅल (प्रत्येक वापरकर्त्यासाठी किंवा उपकरणासाठी लागणारं) यांच्या लायसन्सवर चालू असलेला सॉफ्टवेअर अ‍ॅश्युरन्स. एकदा विकत घेतलं की कायमचं, हा प्रकार एसईत नाही. २०१९ वरून त्याच मशीनवर चढवताना पहिली आवृत्ती नवी की मागत नाही. पण की मागितली नाही म्हणून लायसन्स लागत नाही असा अर्थ कोणी काढू नये. स्टँडर्डमध्ये एका सर्व्हरवर जास्तीत जास्त ५ डेटाबेस माउंट होतात, एंटरप्राइझमध्ये १००.

मशीन केवढं घ्यावं? १२८ जीबी रॅम खरंच लागते का?

मेलबॉक्स सर्व्हरसाठी मायक्रोसॉफ्टची शिफारस १२८ जीबीची आहे. त्यापेक्षा कमी रॅमवर सेटअप अडून बसत नाही, आणि पन्नास-साठ मेलबॉक्सच्या कार्यालयात तेवढी रॅम रिकामीच राहील. तरी ३२ जीबीच्या खाली जाऊ नये असं आमचं मत. मेल चालतो, पण सीयू चढवताना जी तास-दीड तासाची कुतरओढ होते ती तीन-चार तासांवर जाते. वरची मर्यादा २५६ जीबी.

पेजफाइल आपोआप ठरू देऊ नका. २०१९ पासून ती रॅमच्या २५ टक्के, ठरावीक आकाराची ठेवायची असते: १२८ जीबी रॅम असेल तर ३२ जीबी.

डिस्कबाबत सेटअपची किमान मागणी ३० जीबीची आहे, पण ती फसवी आहे. लॉग आणि आयआयएसच्या (विंडोजच्या वेब सर्व्हरच्या) नोंदी मिळून सी ड्राइव्ह काही महिन्यांत भरतो. शिवाय ट्रान्सपोर्टची रांग, म्हणजे मेल डॉट क्यू ही फाइल, मूळ सेटिंगमध्ये इन्स्टॉलेशनच्याच ड्राइव्हवर असते. तिथली जागा कमी झाली की सर्व्हर 'बॅक प्रेशर'मध्ये जातो आणि बाहेरून येणाऱ्या मेलला ४५२ ४.३.१ असं उत्तर देऊ लागतो. पाठवणाऱ्याला वाटतं तुमचा सर्व्हर बंद आहे. तुम्हाला सगळ्या सर्व्हिस हिरव्या दिसतात. म्हणून इन्स्टॉलेशनसाठी वेगळा, निदान १५० ते २०० जीबीचा ड्राइव्ह ठेवा.

डेटाबेसचे व्हॉल्यूम ६४ केबी अलोकेशन युनिटने फॉरमॅट करा. रीएफएस चालतं, पण त्यातलं डेटा इंटिग्रिटी फीचर बंद करून. एकच सर्व्हर असेल तर डेटाबेस आणि लॉग वेगवेगळ्या डिस्कवर हवेत, म्हणजे एक गेली तर दुसरीवरून मेल परत उभा करता येतो.

व्हर्च्युअल मशीन असेल तर डायनॅमिक मेमरी बंद. एक्स्चेंजला ती मान्य नाही. डोमेन कंट्रोलरवर (ॲक्टिव्ह डिरेक्टरी आणि लॉगिन सांभाळणाऱ्या मशीनवर) एक्स्चेंज टाकू नका. तांत्रिकदृष्ट्या चालतं, पण पुढे त्या मशीनचा डोमेन कंट्रोलरचा रोल काढता येत नाही आणि दोन्ही गोष्टी एकमेकींच्या गळ्यात पडतात.

विंडोज कोणतं?

नव्या मशीनवर विंडोज सर्व्हर २०२२ किंवा २०२५. एक्स्चेंज बसवल्यावर खालचं विंडोज अपग्रेड करणं सपोर्टेड नाही, आणि मशीनचं नावही बदलता येत नाही. दोन्ही निर्णय आधीच पक्के करा.

सेटअप चालवण्याआधी काय काय टाकून ठेवायचं?

डॉटनेट फ्रेमवर्क ४.८ (सीयू १४ पासून ४.८.१ ही चालतं), व्हिज्युअल सी प्लस प्लसचे २०१२ आणि २०१३ हे दोन्ही रीडिस्ट्रिब्युटेबल, आयआयएसचं यूआरएल रीराइट मॉड्यूल आणि युनिफाइड कम्युनिकेशन्स मॅनेज्ड एपीआय ४.०. शेवटचं शोधत बसू नका. आयएसओमध्येच यूसीएमए-रीडिस्ट या फोल्डरमध्ये आहे. विंडोजचे रोल सेटअप स्वतः टाकू शकतो; 'आवश्यक रोल आणि फीचर आपोआप बसवा' या चौकटीवर खूण करा. त्यानंतर रीस्टार्ट. प्रलंबित रीस्टार्ट असेल तर सेटअप पहिल्याच तपासणीत थांबतो.

मशीनला इंटरनेट नसेल तर आणखी एक काम. सेटअप फायलींच्या सह्यांची रद्दयादी इंटरनेटवर शोधत बसतो आणि प्रत्येक फाइलमागे वाट पाहतो. इंटरनेट ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड टॅबमधली 'प्रकाशकाच्या सर्टिफिकेटची रद्दयादी तपासा' ही खूण काम होईपर्यंत काढा, नंतर परत लावा.

ॲक्टिव्ह डिरेक्टरीची तयारी वेगळी करावी की सेटअपवर सोडावी?

वेगळी करा, विशेषतः डोमेन कंट्रोलर एकापेक्षा जास्त असतील किंवा शाखा वेगवेगळ्या शहरांत असतील तर. फॉरेस्टची (संस्थेच्या सगळ्या डोमेनच्या समूहाची) फंक्शनल लेव्हल किमान २०१२ आर२ हवी.

क्रम असा: ज्या खात्याने काम करणार ते स्कीमा ॲडमिन्स आणि एंटरप्राइझ ॲडमिन्स या गटांत घाला, आणि त्यानंतर लॉगऑफ करून परत लॉगिन करा. ही पायरी चुकली की 'तुम्हाला अधिकार नाहीत' असा संदेश येतो, आणि गटात नाव तर दिसतंय म्हणून माणूस तासभर चक्रावून जातो. मग स्कीमा मास्टर ज्या साइटमध्ये आहे त्याच साइटमधल्या मशीनवरून सेटअप आधी प्रिपेअर-स्कीमा या स्विचने, नंतर प्रिपेअर-एडी आणि शेवटी प्रिपेअर-ऑल-डोमेन्स. प्रत्येक पायरीनंतर रेपॲडमिन या कमांडने रेप्लिकेशन (बदल सगळ्या डोमेन कंट्रोलरवर पोचणं) पूर्ण झालं का ते बघा. झाल्याशिवाय पुढची पायरी नको.

जुन्या नोटमधून कमांड उतरवत असाल तर सांभाळून. करारनामा मान्य असल्याचा जुना स्विच सप्टेंबर २०२१ पासून चालत नाही. आता त्याच्या शेवटी 'डायग्नोस्टिक-डेटा-ऑन' किंवा 'डायग्नोस्टिक-डेटा-ऑफ' यांपैकी एक जोडावं लागतं.

स्कीमात झालेला बदल मागे घेता येत नाही. म्हणून निदान एका डोमेन कंट्रोलरचा सिस्टम स्टेट बॅकअप आधी घ्या.

नवा सर्व्हर बसवून पाच मिनिटंही झाली नाहीत आणि सगळ्यांच्या आउटलुकवर सर्टिफिकेटचा इशारा येतोय. अजून तर एकही मेलबॉक्स हलवला नाही!

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. सेटअप संपता संपता नवा सर्व्हर ॲक्टिव्ह डिरेक्टरीत ऑटोडिस्कव्हरचा (आउटलुकला मेलबॉक्सची सेटिंग आपोआप देणाऱ्या सोयीचा) पत्ता म्हणून स्वतःचं आतलं नाव नोंदवतो. डोमेनमधली आउटलुक तो पत्ता वाचतात, नव्या सर्व्हरकडे जातात आणि तिथलं स्वतःच सही केलेलं सर्टिफिकेट पाहून तक्रार करतात.

उपाय एका ओळीचा आहे: सेट-क्लायंटॲक्सेससर्व्हिस या कमांडने नव्या सर्व्हरची ऑटोडिस्कव्हर-सर्व्हिस-इंटर्नल-यूआरआय ही किंमत जुन्या सर्व्हरवर आहे तीच करा. सेटअप पूर्ण होताच, दुसरं काहीही करण्याआधी. त्याहून बरं म्हणजे सेटअप कार्यालय सुटल्यावर चालवा. मोठ्या संस्थेत यासाठी वेगळी ॲक्टिव्ह डिरेक्टरी साइट करून तिथे सर्व्हर बसवतात आणि सगळं जुळलं की मूळ साइटमध्ये आणतात.

मग लगेच खरं सर्टिफिकेट आयात करून आयआयएस आणि एसएमटीपीला जोडा, आणि ओडब्ल्यूए (ब्राउझरमधला मेल), ईसीपी (ब्राउझरमधलं व्यवस्थापन), ईडब्ल्यूएस, मॅपी, ॲक्टिव्हसिंक, ओएबी या सगळ्या व्हर्च्युअल डिरेक्टरींचे आतले-बाहेरचे पत्ते जुन्यासारखे करा. सर्टिफिकेटमध्ये दोन नावं पुरतात: मेलचं आणि ऑटोडिस्कव्हरचं. सर्व्हरचं आतलं नाव त्यात घालायची गरज नाही.

मेलबॉक्स हलवताना डिस्क भरली आणि डेटाबेस डिसमाउंट झाला. का?

मेलबॉक्स हलवणं म्हणजे नव्या डेटाबेसमध्ये सगळं नव्याने लिहिणं. जेवढा डेटा, साधारण तेवढेच ट्रान्झॅक्शन लॉग. २० जीबीचे दहा मेलबॉक्स एका रात्रीत हलवले तर २०० जीबीच्या आसपास लॉग तयार होतात, आणि ते फुल किंवा इन्क्रिमेंटल बॅकअप झाल्यावरच पुसले जातात.

म्हणून तुकड्या करा. एका रात्रीची तुकडी लॉग ड्राइव्हवरच्या मोकळ्या जागेच्या निम्म्याहून कमी, सकाळी बॅकअप, रात्री पुढची तुकडी. सर्क्युलर लॉगिंग (बॅकअपची वाट न बघता जुने लॉग पुसणं) तात्पुरतं चालू करण्याचा मार्गही आहे, पण तेवढ्या काळात डेटाबेस गेला तर शेवटच्या बॅकअपपर्यंतच परत येता येतं. स्थलांतर संपलं की ते बंद करून लगेच फुल बॅकअप घ्या. हे विसरल्याचं कळतं ते नेमकं डेटाबेस बिघडल्या दिवशी.

आधी आर्बिट्रेशन मेलबॉक्स (एक्स्चेंजच्या स्वतःच्या अंतर्गत कामाचे) हलवा, मग आयटी विभागाचे, मग एखादा धीराचा विभाग, आणि संचालकांचे सर्वांत शेवटी. बॅचमध्ये शेवटची पायरी हाताने ठेवली तर ९५ टक्के कॉपी दिवसा होते आणि खरा बदल रात्री ठरल्या वेळी करता येतो. २०१६ वरून आलेल्या मेलबॉक्समध्ये पहिला-दुसरा दिवस शोध अपुरा चालतो, कारण २०१९ पासून इंडेक्स मेलबॉक्सच्या आतच नव्याने बांधला जातो. थांबायचं, तिकिटं बंद करायची.

स्कॅनर, हजेरीचं बायोमेट्रिक मशीन आणि अकाउंटच्या सॉफ्टवेअरचे मेल बंद झाले.

रिसीव्ह कनेक्टर (मेल आत घेणारी दारं) नव्या सर्व्हरवर आपोआप येत नाहीत. जुन्या सर्व्हरवर रिलेसाठी केलेला कनेक्टर, त्यातली आयपींची यादी आणि अनामिक रिलेची परवानगी हे सगळं नव्याने करावं लागतं. यादी करण्यासाठी माणसांना विचारू नका; जुन्या सर्व्हरवर त्या कनेक्टरचं प्रोटोकॉल लॉगिंग पंधरा-वीस दिवस चालू ठेवा. महिन्याअखेरीस एकदाच मेल पाठवणारं मशीनही त्यात सापडावं म्हणून हे दिवस महिनाअखेर धरून निवडा.

दुसरं कारण टीएलएस, म्हणजे जोडणीचं एन्क्रिप्शन. २०१९ पासून मूळ सेटिंगमध्ये फक्त टीएलएस १.२ चालू असतं आणि दहा वर्षांपूर्वीचा स्कॅनर १.० च्या पुढे जात नाही. त्याच्यासाठी सगळ्या सर्व्हरवर जुनं टीएलएस उघडू नका. तो स्कॅनर आतल्या नेटवर्कवर, ठरावीक आयपीवरून, एन्क्रिप्शनशिवाय रिले करू द्या.

सीयू, एसयू, एचयू: फरक काय?

सीयू म्हणजे क्युम्युलेटिव्ह अपडेट: संपूर्ण उत्पादनच नव्याने. खाली आधीची कोणतीही सीयू असली तरी थेट ताज्या सीयूवर उडी मारता येते, मधल्या चढवत बसायची गरज नाही. एसयू म्हणजे सुरक्षा अपडेट. ती ठरावीक सीयूसाठीच असते, आणि फक्त ताज्या आणि तिच्या आधीच्या सीयूसाठी निघते. सीयूत मागे राहिलात की सुरक्षेचा रस्ताच बंद होतो, तो असा. एचयू म्हणजे एखाद्या दोषावरचं किंवा नव्या सोयीसाठीचं हॉटफिक्स.

चढलेली एसयू आवृत्ती पाहण्यासाठी गेट-एक्स्चेंजसर्व्हरच्या उत्तरावर विसंबू नका. तिथे सीयूपुरतीच माहिती दिसते. बिन फोल्डरमधल्या एक्ससेटअप डॉट ईएक्सई या फाइलची आवृत्ती बघा, किंवा मायक्रोसॉफ्टची हेल्थचेकर स्क्रिप्ट चालवा. एसईच्या पहिल्या आवृत्तीचा बिल्ड क्रमांक १५.२.२५६२.१७ आहे.

पॅच आला त्याच रात्री टाकावा की थांबावं?

दोन्ही बाजूंना खरे दाखले आहेत. ८ ऑगस्ट २०२३ ची एसयू इंग्रजीशिवाय दुसऱ्या भाषेतल्या विंडोजवर अर्धवट बसत होती आणि सर्व्हिस डिसेबल्ड अवस्थेत सोडत होती. ती मागे घेऊन आठवड्याने सुधारित आली. आपल्याकडे बहुतेक सर्व्हर इंग्रजी विंडोजवर असल्याने तिचा चटका फारसा बसला नाही. नोव्हेंबर २०२४ ची एसयू टाकल्यावर काही ठिकाणी ट्रान्सपोर्ट रूल अधूनमधून काम करेनासे झाले. तीही मागे घेतली गेली आणि २७ नोव्हेंबरला दुसरी आवृत्ती आली. उलट बाजूला प्रॉक्सीलॉगॉन आहेच. प्रॉक्सीशेल या दुसऱ्या त्रुटींच्या बाबतीत तर पॅच एप्रिल-मे २०२१ मध्येच आले होते, आणि ऑगस्टमध्ये हल्ले सुरू झाले तेव्हा अनेकांनी ते टाकलेलेच नव्हते.

आमचा नियम: त्रुटीचा प्रत्यक्ष गैरवापर चालू असल्याचं सूचनेत म्हटलं असेल तर त्याच रात्री. नाहीतर एसयू तीन-चार दिवसांत, आधी चाचणीच्या किंवा कमी महत्त्वाच्या सर्व्हरवर. सीयूला तीन-चार आठवडे थांबलं तरी चालतं. 'इमर्जन्सी मिटिगेशन' सर्व्हिस चालू ठेवा. ती तातडीचे तात्पुरते बंदोबस्त आपोआप लावते, पण त्याला पॅच समजू नका.

एकाच सर्व्हरवर सीयू चढवण्याचा क्रम सांगा.

आदल्या दिवशी: पूर्ण बॅकअप आणि त्याची खात्री, हेल्थचेकरचा अहवाल, सर्टिफिकेटच्या तारखा, वेब डॉट कॉन्फिगमध्ये केलेले बदल, ओडब्ल्यूएचं सजवलेलं लॉगिन पान यांची प्रत. सीयू १३ पासून काही नेहमीची सेटिंग आपोआप जपली जातात, सगळी नाहीत. आयएसओ उतरवून तिचा हॅश तपासा.

त्या रात्री: आधी मशीन रीस्टार्ट. अँटिव्हायरस, बॅकअप एजंट, मॉनिटरिंग एजंट थांबवा. अपडेटच्या मध्ये फाइल धरून बसणारे हेच तिघे. गेट-एक्झिक्युशनपॉलिसी सगळ्या स्तरांसाठी बघा. मशीन पॉलिसी किंवा युझर पॉलिसी या ओळीत 'अनडिफाइंड'शिवाय काही असेल तर एक्झिक्युशन पॉलिसी ग्रुप पॉलिसीतून बांधलेली आहे, आणि सेटअप सर्व्हिस बंद केल्यानंतर मध्येच मरतो. ती ग्रुप पॉलिसी त्या सर्व्हरपुरती काढा.

मग आयएसओ माउंट करून, 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने उघडलेल्या साध्या कमांड प्रॉम्प्टमधून सेटअप मोड-अपग्रेड या स्विचने. एक्स्चेंज शेल किंवा एमएमसीची खिडकी उघडी ठेवू नका. एका सर्व्हरला साधारण एक ते तीन तास धरा. यूपीएस तेवढा वेळ टिकेल का ते आधी बघा. वीज जाऊन अर्ध्यावर थांबलेली सीयू सरळ करण्यात दुसरा दिवस जातो.

झाल्यावर रीस्टार्ट, त्या सीयूची ताजी एसयू, पुन्हा रीस्टार्ट. मग तपासणी: सर्व्हिस, डेटाबेस माउंट, रांगा, बाहेर एक मेल, बाहेरून एक मेल, ओडब्ल्यूए, एक मोबाइल. फक्त मॅनेजमेंट टूल असलेल्या मशीनवरही तीच एसयू टाका.

आमच्याकडे डॅग (एकमेकांच्या डेटाबेसच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरचा गट) आहे. मेल बंद न ठेवता कसं करायचं?

एका वेळी एक सर्व्हर. सेट-सर्व्हरकंपोनंटस्टेटने हबट्रान्सपोर्ट 'ड्रेनिंग'वर टाका, रिडायरेक्ट-मेसेजने रांगेतले मेल दुसऱ्या सर्व्हरकडे वळवा (त्याचं पूर्ण डोमेनसह नाव द्यावं लागतं), स्क्रिप्ट फोल्डरमधली स्टार्ट-डॅग-सर्व्हर-मेन्टेनन्स चालवा, शेवटी सर्व्हर-वाइड-ऑफलाइन 'इनॲक्टिव्ह'. लोड बॅलन्सरवरून सर्व्हर बाजूला झाल्याची खात्री करा. अपडेट झालं की उलट क्रमाने परत. ज्या 'रिक्वेस्टर'च्या नावाने घटक बंद केला त्याच नावाने चालू करावा लागतो. मेन्टेनन्सच्या नावाने बंद करून दुसऱ्या नावाने चालू केला तर तो बंदच राहतो.

डेटाबेस आपोआप जुन्या जागी येत नाहीत. सगळे सर्व्हर झाले की रीडिस्ट्रिब्यूट-ॲक्टिव्ह-डेटाबेसेस ही स्क्रिप्ट चालवा. इंटरनेटला जोडलेली साइट आधी, एज सर्व्हर (नेटवर्कच्या सीमेवर मेल घेणारा) शेवटी. डॅगमध्ये निम्मे सर्व्हर जुन्या सीयूवर महिनाभर सोडू नका.

अपडेट अर्ध्यात थांबलं. एक्स्चेंजच्या सगळ्या सर्व्हिस 'डिसेबल्ड' दिसतात.

घाबरून व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट मागे फिरवू नका. त्याचं कारण पुढे येतं. आधी सी ड्राइव्हवरच्या एक्स्चेंजसेटअपलॉग्ज या फोल्डरमधली एक्स्चेंजसेटअप डॉट लॉग उघडा आणि शेवटून वर वाचत या. मायक्रोसॉफ्टच्या सेटअप-असिस्ट आणि सेटअप-लॉग-रिव्ह्यूअर या स्क्रिप्ट नेमकी ओळ शोधून देतात. कारण दूर करा आणि सेटअप पुन्हा चालवा. तो जिथे थांबला तिथून पुढे जातो.

एसयूच्या बाबतीत सर्व्हिस डिसेबल्ड राहिल्या असतील तर एसयू पुन्हा नीट चालवणं हाच पहिला उपाय. फाइल सगळ्या बदलल्या गेल्याची खात्री झाली तरच सर्व्हिस हाताने 'ऑटोमॅटिक' करा, आणि त्यात डब्ल्यूएमआय, आयआयएस, रिमोट रजिस्ट्री विसरू नका. अपडेट त्यांनाही थांबवतं.

अपडेटनंतर ओडब्ल्यूए किंवा ईसीपी उघडत नाही.

लक्षण बघून ठरवा. पान पांढरं किंवा विस्कटलेलं दिसत असेल तर बिन फोल्डरमधल्या अपडेट-कॅस आणि अपडेट-कॉन्फिग-फाइल्स या दोन स्क्रिप्ट ॲडमिनच्या शेलमधून चालवा, मग आयआयएस रीसेट. जुन्या काळी एसयू एमएसपी फाइल म्हणून यायची. तिच्यावर नुसतं डबल क्लिक केलं की पुरेसे अधिकार न मिळता ती बसायची आणि हेच व्हायचं. आता ईएक्सई येते आणि ती अधिकार स्वतः मागते.

लॉगिननंतर एचटीटीपी ५०० येत असेल, तर ऑथ सर्टिफिकेट बघा. 'मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज सर्व्हर ऑथ सर्टिफिकेट' पाच वर्षांचं असतं आणि ते संपल्याची आठवण कोणी देत नाही. जुलै २०२१ च्या एसयूपासून ते संपलेलं किंवा हरवलेलं असेल तर ओडब्ल्यूए आणि ईसीपी दोन्ही बंद पडतात. नवं करून सेट-ऑथकॉन्फिगने प्रकाशित केल्यावरही लागू व्हायला काही तास जाऊ शकतात. मॉनिटर-एक्स्चेंज-ऑथ-सर्टिफिकेट ही स्क्रिप्ट शेड्यूल करून ठेवली तर वेळेआधीच नूतनीकरण होतं.

सीयू १४ नंतर काही आउटलुक सारखा पासवर्ड मागतात.

एक्स्टेंडेड प्रोटेक्शन. सीयू १४ पासून ते आपोआप चालू होतं. ते तपासतं की क्लायंटने ज्या टीएलएस जोडणीवर ओळख पटवली ती थेट याच सर्व्हरशी आहे. मध्ये लोड बॅलन्सर टीएलएस सोडवून पुढे साधं एचटीटीपी देत असेल, तर ओळख जुळत नाही. ब्रिजिंग, म्हणजे मध्ये सोडवून परत एन्क्रिप्ट करणं, चालतं. पण लोड बॅलन्सरवर आणि एक्स्चेंजवर तेच सर्टिफिकेट हवं. कर्मचाऱ्यांच्या मशीनवरचा अँटिव्हायरस एचटीटीपीएस उघडून तपासत असेल तरी हेच घडतं. फक्त घरून काम करणाऱ्यांकडे किंवा एकाच शाखेत तक्रार असेल तर आधी तिकडे बघा. सर्व सर्व्हरवर टीएलएसची सेटिंग एकसारखी हवीत. जुळवाजुळव होईपर्यंत सेटअपला एक्स्टेंडेड प्रोटेक्शन वगळायचा स्विच देता येतो. कायमचं वगळून ठेवू नका.

काही बदललं नाही, तरी सगळे मेल रांगेत अडकलेत.

अँटिमालवेअर इंजिन बघा. १ जानेवारी २०२२ ला जगभर हेच झालं. व्याख्यांच्या आवृत्तीचा क्रमांक तारखेवरून २२०१०१०००१ असा बनला आणि ३२ बिटच्या पूर्णांकाची कमाल मर्यादा आहे २१४७४८३६४७. क्रमांक मावला नाही, इंजिन पडलं, मेल थांबले. अशा वेळी मालवेअर फिल्टरिंगला तात्पुरता 'बायपास' देऊन मेल मोकळे करता येतात. पुढे दुसरा फिल्टर असेल तरच करा.

सीयू काढून जुन्या आवृत्तीवर येता येतं का?

नाही. एसयू काढता येते. सीयू काढायची म्हणजे एक्स्चेंजच काढायचं. स्नॅपशॉट मागे नेणं सपोर्टेड नाही, कारण सर्व्हरची बरीचशी माहिती ॲक्टिव्ह डिरेक्टरीत असते आणि ती पुढे गेलेली असते. डॅगमध्ये तर लॉगची साखळीच तुटते. मशीन पूर्ण गेलं तर त्याच नावाचं नवं विंडोज उभं करा, त्याच नावाचं संगणक खातं रीसेट करून वापरा, सेटअप मोड-रिकव्हर-सर्व्हर चालवा आणि डेटाबेस बॅकअपमधून आणा. वर्षातून एकदा वेगळ्या, बंद नेटवर्कवर हे करून बघणाऱ्यांना सीयूची भीती उरत नाही.

नव्या सर्व्हरवरून गेलेले मेल स्पॅममध्ये जातात.

बाहेर जाणारा आयपी बदलला का? मग पीटीआर (आयपीवरून नाव सांगणारी) नोंद इंटरनेट पुरवठादाराकडून करून घ्यावी लागते; ती तुमच्या डोमेनच्या पॅनेलमध्ये होत नाही, लेखी विनंती द्यावी लागते आणि काही दिवस जातात. ती आणि एसपीएफमधला (डोमेनच्या वतीने मेल पाठवू शकणाऱ्यांच्या यादीतला) नवा आयपी, दोन्ही बदलाच्या आधी करा. एसपीएफमध्ये डीएनएस शोधांची मर्यादा दहाची आहे. एक्स्चेंजमध्ये डीकिमची, म्हणजे मेलवरच्या डिजिटल सहीची, सोय नाही. ती मधल्या गेटवेवर किंवा वेगळ्या ट्रान्सपोर्ट एजंटने करावी लागते. जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून रोज ५००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क (या तपासण्यांत नापास मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) तिन्ही सक्तीचे केले आहेत.

लॉग किती दिवस ठेवायचे?

भारतात चालणाऱ्या सर्व्हरसाठी सर्ट-इनचे (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे) २८ एप्रिल २०२२ चे निर्देश लागू आहेत: लॉग १८० दिवस, सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणं, आणि घड्याळ एनआयसी किंवा एनपीएलच्या एनटीपीशी जुळवणं. एक्स्चेंजचं मेसेज ट्रॅकिंग मात्र ३० दिवस किंवा एक जीबी, जे आधी भरेल त्यावर पुसलं जातं. दोन्ही मर्यादा वाढवा. नुसते दिवस १८० केले आणि आकार तसाच ठेवला तर वर्दळीच्या सर्व्हरवर आठवड्याभराचेच लॉग उरतात.

जुना सर्व्हर कधी आणि कसा काढायचा?

सगळे मेलबॉक्स, आर्बिट्रेशन आणि आर्काइव्ह धरून, हलल्यावर. सेंड कनेक्टरमधून त्याचं नाव काढल्यावर. प्रोटोकॉल लॉगमध्ये त्याच्याकडे कोणी येत नसल्याचं दिसल्यावर. मग आठवडाभर तो बंद ठेवून बघा. कोणी ओरडलं नाही तर परत चालू करा आणि कंट्रोल पॅनेलमधून एक्स्चेंज रीतसर अनइन्स्टॉल करा. डेटाबेसमध्ये काही उरलं असेल तर अनइन्स्टॉल नकार देतो आणि कारण सांगतो. नुसतं व्हर्च्युअल मशीन पुसून टाकलं तर ॲक्टिव्ह डिरेक्टरीत त्याची नोंद तशीच राहते, आणि पुढचा सेटअप अस्तित्वात नसलेल्या सर्व्हरची आवृत्ती पाहून अडून बसतो. हायब्रिड (स्वतःचा एक्स्चेंज क्लाउडशी जोडलेल्या) संस्थेत सगळे मेलबॉक्स क्लाउडवर गेले असतील तर शेवटचा सर्व्हर अनइन्स्टॉल करायचा नाही. नवी मॅनेजमेंट टूल दुसऱ्या मशीनवर टाकून तो कायमचा बंद ठेवायचा, कारण अनइन्स्टॉल केलं की त्या टूलना लागणाऱ्या नोंदीही जातात.